ओटीपोटाच्या तळाचे विकार : संशोधनाने दिलेले धडे

वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या, नव्या यंत्रसामग्रीची यादी आणि देणगीदारांची नामावली एवढेच वाचकांच्या डोळ्यांसमोर येते. परंतु रुग्णालय हे उपचारांचे जसे ठिकाण आहे, तसे ते शिकण्याचेही ठिकाण आहे, अशी आमची धारणा आहे. म्हणून अहवालातील काही पाने एखाद्या विकाराच्या अभ्यासासाठी राखून ठेवणे आम्हांस उचित वाटते. या वेळी आम्ही निवडलेला विषय असा आहे की, ज्याविषयी घरात बोलले जात नाही, मैत्रिणींत क्वचित कुजबुज होते आणि डॉक्टरांसमोर तर शब्दच फुटत नाहीत. अंग बाहेर येणे, खोकताना वा हसताना लघवी निसटणे, शौचावर ताबा न राहणे, हे ते विकार होत.

या निवडीमागे एक प्रसंग आहे. रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यासाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात नियमितपणे येणाऱ्या एक भगिनी एकदा तपासणीच्या टेबलावर चढताना अवघडल्या. परिचारिकेने कारण विचारले तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "सिस्टर, अंग बाहेर येतं. थोरलीच्या बाळंतपणापासून. ती आता दहावीला आहे." इतकी वर्षे का सांगितले नाही, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते, "कुणी विचारलंच नाही." हे उत्तर आम्हांस लागले. त्यांच्या केसपेपरवर दर भेटीचा रक्तदाब व्यवस्थित नोंदवलेला होता. हा एक प्रश्न मात्र आम्ही कधीच विचारला नव्हता.

रचना आणि तिचा बिघाड

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय ही तिन्ही इंद्रिये ओटीपोटात एकापाठोपाठ एक बसलेली असतात. त्यांच्याखाली पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिलाच ओटीपोटाचा तळ अथवा श्रोणितल म्हणतात. या झोळीतून मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग असे तीन मार्ग बाहेर पडतात. वरची इंद्रिये चिवट तंतूंच्या बंधांनी बाजूच्या हाडांशी बांधलेली असली तरी रोजचा भार मुख्यतः खालचे स्नायूच पेलतात. स्नायू सैल पडले की तो भार बंधांवर येतो, आणि वर्षानुवर्षे ताण पडलेले बंध हळूहळू लांबतात.

हा बिघाड बहुतेकदा बाळंतपणात सुरू होतो. बाळाचे डोके बाहेर येताना या स्नायूचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये संगणकीय प्रतिमान तयार करून दाखवले. बहुतेक स्त्रियांत हा स्नायू पुन्हा पूर्ववत होतो. काहींत तो हाडापासून सुटतो. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका वाढतो. वारंवार बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावरून पाणी, सरपण वा विटा वाहणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, अतिरिक्त वजन आणि पाळी गेल्यानंतरचे बदल, ही कारणे मग त्यात भर घालतात.

यावरून सिझेरियन हाच उपाय, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पंधराशेहून अधिक मातांचा पहिल्या बाळंतपणानंतर अनेक वर्षे पाठपुरावा करून अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिझेरियन झालेल्या स्त्रियांत हे विकार कमी आढळले, हे खरे. परंतु पोटावरील शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके असतात आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ते वाढत जातात. सुरक्षित व संयमी प्रसूती आणि बाळंतिणीला पुरेशी विश्रांती हाच येथे खरा प्रतिबंध आहे.

मौनाचे मोजमाप

हा विषय केवळ शहरी दवाखान्यांचा नाही, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अनेक विकार होते; पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास सर्व प्रकारच्या स्त्रीरोगांचा होता, एकट्या ओटीपोटाच्या तळाचा नव्हता. तरीही रुग्ण दवाखान्यात येत नाही म्हणजे रोग नाही असे नव्हे, हा त्याचा धडा आमच्या आजच्या विषयालाही तंतोतंत लागू पडतो.

व्यायाम : सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित उपचार

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये श्रोणितलाच्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. स्नायूंचा जोर मोजण्यासाठी त्यांनी 'पेरिनिओमीटर' नावाचे साधनही तयार केले. दंडाचा स्नायू व्यायामाने बळकट होतो, तर हा का होऊ नये, इतका साधा त्यांचा विचार होता. पुढे शस्त्रक्रियांचा बोलबाला वाढला तसा हा विचार मागे पडला. गेल्या काही दशकांत मात्र तो काटेकोर चाचण्यांच्या कसोटीस उतरला आहे.

अशा चाचण्यांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले जातात. एका गटास एक उपचार व दुसऱ्यास दुसरा उपचार देऊन ठरलेल्या मुदतीनंतर तुलना केली जाते. गट पाडण्यात डॉक्टरांची वा रुग्णाची निवड नसल्यामुळे निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. खोकताना वा हसताना होणाऱ्या मूत्रगळतीवरील अशा चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. मूत्रगळतीच्या सर्व प्रकारांवरील १४ देशांतील ३१ चाचण्या आणि १,८१७ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. खोकल्यासरशी गळती होणाऱ्यांपैकी व्यायाम करणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते.

अंग बाहेर येण्यावर व्यायामाचा उपयोग होतो काय, हा प्रश्न अधिक कठीण होता, कारण लांबलेले बंध व्यायामाने आखूड होत नाहीत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ४४७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. भौतिकोपचारतज्ज्ञांनी व्यक्तिशः शिकवलेल्या व्यायामाने एका वर्षानंतर जडपणा, ओढ व गाठीची जाणीव ही लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा कमी झाल्याचे दिसले. म्हणजे व्यायामाने अंग पूर्णपणे जागेवर जातेच असे नाही. परंतु स्त्रीचा त्रास कमी होतो. उपचाराचा हेतू त्रास कमी करणे हाच असेल तर ही गोष्ट लहान नाही.

येथे आमच्या विश्वस्तांसमोर आलेल्या एका प्रश्नाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. एका हितचिंतकांनी 'बायोफीडबॅक' यंत्रासाठी देणगी देऊ केली होती. स्नायू किती आवळला जातो हे या यंत्राच्या पडद्यावर रुग्णास दिसते. यंत्र आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु ब्रिटनमधील ६०० स्त्रियांवरील चाचणीने २०२० मध्ये असे दाखवले की, नीट शिकवलेल्या व्यायामाला या यंत्राची जोड दिल्याने दोन वर्षांनंतर गळतीच्या तीव्रतेत फरक पडला नाही. दोन्ही गटांतील स्त्रियांना भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सारख्याच भेटी मिळाल्या होत्या. गुण आला होता तो या भेटींचा आणि सरावाचा. हा अभ्यास आम्ही त्या देणगीदारांसमोर ठेवला आणि त्यांनी मोठ्या मनाने ती रक्कम भौतिकोपचारतज्ज्ञ भगिनीच्या मानधनाकडे वळवण्यास संमती दिली. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, मानधनावर येत नाही. म्हणूनच त्यांच्या या निर्णयाचे मोल आम्हांस अधिक वाटते.

व्यायामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र गळती असलेल्या ४६० स्त्रियांवर व्यायाम व मूत्रमार्गाखालील पट्टीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१३ मधील त्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे ९१ टक्के, तर व्यायामाच्या गटातील सुमारे ६४ टक्के स्त्रियांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. व्यायामाच्या गटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी पुढे शस्त्रक्रिया स्वीकारली होती. तेव्हा तीव्र त्रास असलेल्या स्त्रीला केवळ 'व्यायाम करा' म्हणून परत पाठवणे हेही न्याय्य नाही.

पेसरी : आधाराची कडी

योनीमार्गात बसवून गर्भाशयाला आधार देणारी सिलिकॉनची कडी म्हणजे पेसरी. शस्त्रक्रिया नको असलेल्या, पुढे मूल हवे असलेल्या अथवा भूल सोसणार नाही अशा स्त्रियांसाठी ती उपयुक्त ठरते. नेदरलँड्समधील ४४० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर पेसरीच्या गटातील सुमारे ७६ टक्के व शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे ८२ टक्के स्त्रियांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. पेसरी शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे, असे या चाचणीने सिद्ध झाले नाही. शिवाय पेसरीच्या गटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. मात्र पेसरीने सुरुवात केल्यास नंतर शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होत नाही, हेही लक्षात घ्यावे.

पेसरीची अडचण म्हणजे ती ठरावीक काळाने काढून स्वच्छ करावी लागते आणि आतल्या त्वचेस जखम झाली आहे का ते पाहावे लागते. दूरच्या गावाहून येणाऱ्या स्त्रीला प्रत्येक भेटीस एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे महत्त्व म्हणूनच आम्हांस विशेष वाटते. पेसरी स्वतः काढण्या-घालण्यास शिकलेल्या स्त्रियांचे जीवनमान दवाखान्यात येणाऱ्यांइतकेच चांगले राहिले आणि त्यांच्यात गुंतागुंत कमी झाली. एकदा नीट शिकवले तर आपल्याकडील स्त्रियाही हे करू शकतील, असा आमचा विश्वास आहे. त्या शिक्षणासाठी बंद दार, पुरेसा वेळ आणि धीर देणारी परिचारिका हवी.

शस्त्रक्रिया : गर्भाशय काढणे हाच उपाय नव्हे

'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि फार सहज स्वीकारला जातो. अंग बाहेर येते ते गर्भाशयाच्या दोषाने नव्हे, तर त्याच्या आधाराच्या दोषाने. गर्भाशय काढले आणि आधार तसाच सैल ठेवला, तर पुढे योनीमार्गाचा माथाच खाली उतरू शकतो.

गर्भाशय राखण्याचा विचार जुना आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि फॉदरगिल यांनी पुढे तिच्यात सुधारणा केली. परंतु तिच्यात गर्भाशयाचे मुख कापले जात असल्याने तरुण स्त्रियांच्या पुढील गरोदरपणात अडचणी येत. भारतात कमी वयात लग्न व बाळंतपणे होत असल्याने हा विकार विशीतल्या-तिशीतल्या स्त्रियांतही आढळे. त्यांच्यासाठी मार्ग शोधणाऱ्यांत मुंबईतील शल्यविशारद अग्रेसर होते, याचा आपण अभिमान बाळगावा. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी ठाऊक आहेत. परंतु मुख न कापता गर्भाशय राखून त्याला पुन्हा आधार देणाऱ्या त्यांच्या शस्त्रक्रियाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. गर्भाशयमुखाला पोटाच्या पुढच्या भिंतीचा आधार देणारी शस्त्रक्रिया पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाते.

आधुनिक चाचण्यांनी या विचाराला बळ दिले आहे. नेदरलँड्समध्ये २०८ स्त्रियांवर गर्भाशय काढणे व गर्भाशय राखून ते मागील बंधाशी बांधणे यांची तुलना झाली. २०१५ मधील निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर राखण्याची पद्धत काढण्याच्या पद्धतीपेक्षा उणी ठरली नाही.

या संदर्भात आपल्या राज्यातील एका वेदनादायक वास्तवाचा उल्लेख टाळता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये लहान वयात गर्भाशय काढण्याचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये प्रकाशात आले आणि राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून अवयव काढण्याची वेळ एखाद्या स्त्रीवर येत असेल, तर तो दोष तिच्या शरीराचा नव्हे. अशा स्त्रीला अन्य उपाय समजावून सांगणे हे धर्मादाय रुग्णालयाचे पहिले कर्तव्य ठरते.

जाळीचा धडा

संशोधनाच्या इतिहासात यशाइतकेच अपयशही शिकवून जाते. स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मूत्रमार्गाखाली कृत्रिम धाग्याची अरुंद पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती लवकर उरकणारी व परिणामकारक असल्याने जगभर पसरली. पट्टी यशस्वी झाली, तर तशीच मोठी जाळी बसवून बाहेर येणारे अंगही आवरता येईल, असा तर्क मग पुढे आला. २००२ पासून अमेरिकेत अशा जाळ्यांना बाजारात प्रवेश मिळाला. पूर्वीच्या मान्य जाळ्यांशी त्यांचे साम्य असल्याचे दाखवणे पुरेसे मानले गेले. रुग्णांवरील स्वतंत्र चाचण्यांचा आग्रह धरला गेला नाही.

थोड्याच वर्षांत जाळी योनीमार्गात उघडी पडणे, सततची वेदना आणि शरीरसंबंधात त्रास अशा तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकी औषध प्रशासनाने २००८ व २०११ मध्ये इशारे दिले, २०१६ मध्ये या जाळ्यांना सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकले आणि एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गातून बसवायच्या या जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने तोवर दाखवून दिले होते की, पहिल्या दोन वर्षांत जाळीने साध्या टाक्यांपेक्षा अधिक गुण येत नाही. उलट जाळी बसवलेल्या सुमारे १२ टक्के स्त्रियांना जाळीमुळेच गुंतागुंत झाली. बॅरोनेस कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. वेदनेची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकून घेतले गेले नाही, हा त्यातील सर्वांत गंभीर ठपका होता.

हा ठपका वाचताना आम्हांस आमच्याच बाह्यरुग्ण विभागातील ती भगिनी आठवली. प्रगत देशांत स्त्रिया बोलल्या, पण त्यांचे ऐकले गेले नाही. आपल्याकडे त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना विचारले गेले नाही. परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला.

भगिनींसाठी थोडेसे

लघवी व वात एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आत व वर ओढले जातात, तेच हे स्नायू होत. ते आवळावेत, शक्य तितके सेकंद, हळूहळू दहापर्यंत धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने करावे. श्वास रोखू नये. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा सराव करू नये. खोकला वा शिंक येण्याआधी आणि वजन उचलण्याआधी हे स्नायू आवळण्याची सवय लावावी. आपण योग्य स्नायू आवळत आहोत की नाही, हे एकदा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, कारण चुकीच्या सरावाने गुण येत नाही. बाहेर आलेल्या भागावर जखम दिसली, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा लघवी अडली, तर मात्र व्यायामावर विसंबून न राहता विनाविलंब रुग्णालयात यावे.

आमचा संकल्प

या अभ्यासातून आम्ही स्वतःसाठी काही नियम घालून घेतले आहेत. कोणत्याही कारणाने येणाऱ्या प्रौढ स्त्रीला 'लघवी निसटते का, अंग बाहेर येते का' हे दोन प्रश्न परिचारिका एकांतात विचारील. प्रत्येक बाळंतिणीस घरी जाण्यापूर्वी व्यायाम शिकवला जाईल. तिच्या सासूबाई वा आई सोबत असल्यास त्यांनाही विश्रांतीचे महत्त्व समजावले जाईल. तातडीची बाब नसेल तर व्यायाम व पेसरी यांची माहिती दिल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख दिली जाणार नाही, आणि गर्भाशय काढण्याचा निर्णय एकट्या डॉक्टरांच्या मतावर होणार नाही. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांकडे एका वर्षानंतर आपणहून चौकशी केली जाईल.

ज्या भगिनींपासून या लेखास आरंभ झाला, त्यांनी पेसरी स्वीकारली असून ती स्वतः काढण्या-घालण्यास त्या शिकल्या आहेत. मागच्या भेटीत त्या आपल्या नणंदेला सोबत घेऊन आल्या. "हिलाही विचारा," एवढेच त्या परिचारिकेला म्हणाल्या. आपल्या देणग्या कोठे खर्ची पडतात, असा प्रश्न हितचिंतकांनी केल्यास या दोन शब्दांहून समर्पक उत्तर आमच्यापाशी नाही.